डोळ्यातली टोपी

कन्नड गावातल्या एका साखरपुड्यात, नेमका अंगठी घालायच्या वेळी, देवेशचा कॅमेरा बंद पडला. शटर अडकलं होतं. कंपनीत फोन केला तर त्यांनी हात वर केले. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, पार्ट येत नाहीत म्हणाले. मग कॅमेरा पिशवीत टाकून तो शहरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत नईमभाईकडं गेला. जिन्याखालच्या अंधाऱ्या दुकानात बसून नईमभाई शहरातले निम्मे कॅमेरे दुरुस्त करायचा.

त्यानं कॅमेरा कानाशी धरून हलवला. शटर दिल्लीहून मागवता येईल, पण पंधरवडा तरी जाईल, असं सांगितलं.

"नहीं तो इसीच मॉडल की मरी हुई बॉडी लाओ," तो म्हणाला. "उसका निकालके इसमें डाल देतूं."

पंधरवडा थांबून देवेशचं काही आभाळ कोसळणार नव्हतं. उसना कॅमेरा मिळाला असता. पण त्याला गोकुळ आठवला आणि मग दुसरं काही सुचेना.

गोकुळ पिशोरचा. दोघांनी एकाच वर्षी हाच कॅमेरा घेतला होता, तरी लोक म्हणायचे, फोटो काढावा तर गोकुळनं. पांढरी टोपी घालून, गालात तंबाखू धरून हा गडी मांडवात उकिडवा बसायचा आणि नवरीच्या आईचं रडू असं टिपायचा की बघणाऱ्याला आपल्या घरचं लग्न आठवायचं. देवेशनं स्टुडिओ थाटला, कोर्स केले, भारीतल्या लेन्स आणल्या. त्याचे फोटो स्वच्छ यायचे, एवढंच. तोंडावर तो गोकुळला मित्र म्हणायचा आणि आतून जळून खाक व्हायचा. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गोकुळ गेला, तेव्हा देवेश पिशोरला जाऊन रडलासुद्धा. त्या रडण्यात सुटका किती होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आयुष्यात एकदाच देवेशनं त्याच्यावर मात केली होती. हिमायत बागेत चार वर्षांची श्रेया, देवेशची मुलगी, चिंच खाऊन तोंड वाकडं करत हसतेय, असा फोटो होता तो. स्टुडिओत आला की गोकुळ त्याच्यापुढं उभा राहायचा, टोपी मागं सरकवायचा आणि म्हणायचा, "ह्यो एक माझा असायला पायजे व्हता, देवेशराव." त्या एका वाक्यावर देवेश इतकी वर्षं ताठ मानेनं चालला होता.

तो पिशोरला गेला. गोकुळची बायको रत्नमाला हिला म्हणाला, गोकुळची आठवण म्हणून कॅमेरा स्टुडिओत काचेत ठेवतो. तिनं कपाटातून तो काढला. त्याच्यावर ती पांढरी टोपी घातलेली होती. टोपी तिनं ठेवून घेतली.

"न्या भाऊजी. पण उघडू नका बरं त्याला," ती हळूच म्हणाली. "त्यायचा जीव व्हता त्याच्यात."

नाही उघडणार, असं देवेशनं कबूल केलं आणि तिथून सरळ गुलमंडी गाठली.

नईमभाईनं बॅटरी घालून बटण दाबलं. खाट्कन आवाज आला, अगदी ताजा.

"ये तो जिंदा है भाई. जिंदे को कायकू मारते?"

बिनघोर वापरावा असा कॅमेरा होता. पण गोकुळचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायची देवेशची तयारी नव्हती. त्याला तो उघडलेला बघायचा होता. "काढा," तो म्हणाला. एकेक स्क्रू निघाला तसं त्याला बरं वाटत गेलं. शटर निघालं आणि दुकानात तंबाखू-चुन्याचा वास आला. नईमभाई तंबाखू खात नव्हता. ते देवेशच्या कॅमेऱ्यात बसलं आणि उरलेला सांगाडा भंगाराच्या खोक्यात पडला.

पुढच्याच लग्नात फोटो असे आले, की पाहुणे स्क्रीनभोवती गोळा झाले. नवरीच्या बापानं देवेशचा हात धरला. एक म्हातारी तर म्हणाली, गोकुळच्या हातासारखा हात आहे. त्या बोलानं त्याचा सगळा आनंद करपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्टुडिओत फोटो निवडायला बसला. फोकस बरोबर आहे का, हे फोटोवाली मंडळी फोटोतला डोळा मोठा करून बघतात; बुबुळात समोरचा उजेड दिसतो, फोटो काढणाराही दिसतो. त्यानं नवरीचा डोळा मोठा केला. आत कॅमेरा धरलेला माणूस होता. उकिडवा बसलेला. डोक्यावर पांढरं काहीतरी...

देवेशनं जन्मात टोपी घातली नव्हती.

नवरदेवाच्या डोळ्यात तोच. म्हातारीच्या डोळ्यातही तोच. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, आणि खोलीत तंबाखू-चुन्याचा वास भरत चालला होता.

मग त्याची नजर भिंतीवर गेली. चिंच, हसू, श्रेया. हा तरी माझा, त्याला वाटलं. हा जुना आहे, ह्याला ते शटर लागलेलं नाही. या डोळ्यात त्यानं स्वतःला शंभरदा बघितलं होतं, लाल शर्टातलं, बोडकं. तरी खात्री करावीशी वाटली. त्यानं जुनी डिस्क लावली आणि लेकीचा डोळा मोठा करत नेला.

उकिडवा माणूस. पांढरी टोपी.

तेवढ्यात श्रेया डबा घेऊन आली. आता ती दहावीला होती. त्यानं शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हा फोटो... कोणी काढला, आठवतं का गं?"

"गोकुळकाकांनी," ती डबा उघडत म्हणाली. "असं काय विचारता बाबा? तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, हा एक माझा असायला पाहिजे होता म्हणून."

ती पाणी आणायला आत गेली. देवेशनं डोळा अजून मोठा केला. टोपीवाल्याच्या मागं, लांब चिंचेखाली, लाल शर्टातला एक माणूस उभा होता. त्याचे हात रिकामे होते, आणि तो फोटो काढणाऱ्याकडं टक लावून बघत होता.