साध्या पाण्यात जागं झालेलं बी

"मावशी, या ताटलीत काहीच उगवायला नको होतं ना?" भिंगातून बघत ढब्बूने विचारलं.

मावशीने भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं. धुळीएवढ्या बियांना पांढरे कोंब फुटले होते.

बी होतं पिकांच्या मुळांना चिकटून रस शोषणाऱ्या तणाचं. ते मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि जवळच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागला, तरच जागं होतं. शुद्ध पाण्यात ते झोपलेलंच राहायला हवं. आता मावशीच्या तीन वर्षांच्या अभ्यासावरच पाणी पडायची वेळ आली होती. चार दिवसांनी तिला वरिष्ठ बाईंपुढे निकाल मांडायचे होते.

मावशी दिवसभर येरझाऱ्या घालत राहिली. सुट्टीला आलेल्या ढब्बू, चिंगी आणि ताई या तिन्ही भाचरांनाही चैन पडेना. थोरल्या ताईने प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांना विचारलं. तळमजल्यावरच्या यंत्रातूनच शुद्ध पाणी आणतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. पण प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, लिफ्ट आठवडाभर बंद होती, आणि काकांना जिन्यावर कधी पाहिल्याचं चिंगीला आठवेना.

प्रयोगशाळेला लागूनच्या गच्चीवर मक्याच्या कुंड्या होत्या. मक्याच्या मुळांतून निथळलेलं पाणी एका काळ्या टबात साठायचं. ताई टबाकडे बघतच राहिली. मग तिने गुपचूप त्यात निळी शाई ओतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी भरून ठेवलेल्या बाटलीतलं पाणी तिने पेल्यात ओतलं आणि पांढऱ्या कागदासमोर धरलं. ते निळसर होतं!

काका मटकन स्टुलावर बसले. गुडघे धरले होते, म्हणून टबातलंच पाणी गाळून घेत होते. "गाळलं की स्वच्छ झालं, असं वाटलं. सांगायची लाज वाटली," ते मावशीला म्हणाले.

मावशी चिडली, पण बोलत बसायला वेळ नव्हता. मुलांनी जिने चढून-उतरून शुद्ध पाणी आणलं. लिफ्ट बंद पडण्याआधीच भिजवून तयार ठेवलेलं बी नव्या ताटल्यांत मांडलं. पुढचे दोन दिवस कोणी ना कोणी भिंगाला डोळा लावूनच होतं. एकही कोंब फुटला नाही.

वरिष्ठ बाईंनी जुन्या-नव्या दोन्ही ताटल्या निरखून पाहिल्या. झालेली चूकही अहवालात लिहायला सांगितली. "आणि ती पकडणाऱ्यांची नावंही घाला. एवढी बारीक नजर आमच्याकडे मोठ्यांचीही नसते."

मावशीने लगेच पेन उघडलं. "ढब्बू, तुझं खरं नाव लिहू ना?"

"नको, ढब्बूच लिही. खऱ्या नावाने मला शाळेतही कोण ओळखतं?"