मन्सूरचं इंजिन

मुठीत मावतील एवढी डिझेल इंजिनं एके काळी पुण्यातले काही हौशी लोक घरच्या लेथवर बनवत. छोट्या, उडणाऱ्या विमानांसाठी. त्यांवर नाव नसतं, नंबर नसतो. पण कोणतं इंजिन कोणाच्या हातचं, हे मी बहुधा ओळखतो. कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केल्यावर डोळ्याला तेवढी सवय लागते.

एका उन्हाळ्यात शाळेत भूगोल शिकवणाऱ्या रझियाबाई माझ्याकडे असंच एक इंजिन घेऊन आल्या. त्यांचा थोरला भाऊ मन्सूर अनेक वर्षांपूर्वी ते बनवत असतानाच टायफॉइडनं गेला होता. त्याच्या खोलीतून रोज दुपारी ते चालू झाल्याचा आवाज येतो, असं त्यांची आई, अमिनाबी, सांगत असे. रझियाबाईंनी कोंढव्याला घर घेतलं होतं. आई जागची हलायला तयार नव्हती.

"हे कधी चाललंच नाही, एवढं अम्मीला सांगा," त्या म्हणाल्या. "माझं ती ऐकत नाही."

मी ते उघडलं. काम मन्सूरचंच होतं. त्याची कानस नेहमी किंचित डावीकडे उतरायची. अशा इंजिनात एरंडेल आणि ईथर मिसळलेलं इंधन आतल्या दांड्याच्या पोकळीतून वर जातं. हा दांडा भरीव होता. छिद्रासाठी मध्यबिंदू ठोकलेला, पण ड्रिल लागलेलंच नाही. म्हणजे इंजिन चालणं शक्य नव्हतं. रझियाबाईंचं काम सोपं झालं, असं मला वाटलं.

मग मी सिलिंडर काढला.

पिस्टन एका बाजूनं घासून गुळगुळीत झाला होता. वर जळक्या एरंडेलाचा काळा, जाड थर होता. वर्षानुवर्षं चालल्याशिवाय असा थर बसत नाही. फडकं फिरवलं तर ईथरचा वास आला. ईथर उघड्यावर घटकाभरही टिकत नाही.

मी दांडा पुन्हा भिंगाखाली धरला. भरीवच होता.

रविवारी मंडईमागच्या त्यांच्या जुन्या घरी गेलो. रझियाबाई जिन्यातच भेटल्या. इंजिन माझ्याकडे होतं, तरी आवाज थांबला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. मग खाली बघत म्हणाल्या, "आता मलाही येतो."

काय सांगू, असं मी विचारलं. ठरलंय तेच, असं त्या म्हणाल्या.

अमिनाबी खिडकीपाशी लसूण सोलत होत्या. मी दांड्याचं सगळं समजावून सांगितलं. काळ्या थराबद्दल बोललो नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छिद्रच पाडलं नाही त्यानं?"

"नाही."

"तोही तेच म्हणतो. राहून गेलं, म्हणतो."

रझियाबाई दाराशीच थांबल्या.

अमिनाबींनी इंजिनासाठी हात पुढे केला.

ही इंजिनं पंखा बोटानं झटकून सुरू करतात. झटका उलटा बसला, की पातं बोटावर येतं. माझ्याही बोटावर तशी एक तिरकी खूण आहे.

त्यांच्या तर्जनीवर नखापासून पेरापर्यंत तशाच खुणा होत्या, एकीवर एक. बहुतेक जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.

सर्वांत वरची अजून ओली होती.