बटाटा की बीट?

गाजर, मुळा, बीट, बटाटा.

नरसिंगराव सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले, हाताचा खडू झटकला आणि वर्गाकडे वळून विचारलं, "यातलं गटात न बसणारं कोणतं?"

नारायणगुड्यात चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा स्पर्धा परीक्षांचा वर्ग भरायचा. डोक्यावर पंखे गरगरत होते, बाकांवर खांद्याला खांदा लागत होता. बँकेच्या परीक्षेला बसणारी सगळी मुलं एका सुरात ओरडली, "बटाटा!" त्रिवेणीही ओरडली. त्यात विचार करण्यासारखं होतं काय? बाकीची तिन्ही मुळं, बटाटा तेवढा खोड. शाळेतच शिकवलेलं.

"बीट," मागून एकटाच आवाज आला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कायकू?"

शेवटच्या बाकावरचा उंच, किडकिडीत मुलगा उभा राहिला. चेहरा अगदी गंभीर. "सर, बाकीचे तीन कापले तरी हात जसेच्या तसे. बीट हात रंगवतं."

त्रिवेणीला हसू फुटलं. साधंसुधं नाही — दाबायला गेली तसं ते नाकातून फुर्रकन बाहेर पडलं आणि मग आवरेचना. शेजारच्या श्रुतीनं चिमटा काढून पाहिला, तरी नाही.

"दोनों बाहर!" सर कडाडले. "बाहर जाके हसलेके आओ!"

बाहेरच्या अरुंद जिन्यात दोघं दोन पायऱ्यांवर उभे राहिले. खालून नव्या चामड्याचा वास येत होता. तो मुलगा भिंतीकडे पाहत स्वतःशीच पुटपुटला, "घरी कळलं की आई माझंच बीट करील."

त्रिवेणी चमकली. या शहरात अनोळखी माणसाच्या तोंडून अवचित मराठी ऐकू आलं, की तिला गर्दीत कुणी नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं.

"भरीत," ती म्हणाली. "बीट नाही करत कुणी कुणाचं. भरीत करतात."

त्यानं मान वळवली. आधी आश्चर्य, मग हळूहळू पसरत गेलेलं हसू. "तुम्ही मराठी?"

"मग? तेलुगूत हसत होते का?"

"योगेश," तो म्हणाला. "नल्लकुंट्याला राहतो. आमच्याकडे आजोबा सरकारी नोकरीत, बाबा सरकारी नोकरीत, काका सरकारी नोकरीत. मी तेवढा..."

"गटात न बसणारा," त्रिवेणी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पण तो इतका मोकळेपणानं हसला की आतून सरांनी दारावर डस्टर आपटलं.

"आणि तुम्ही?"

"त्रिवेणी. बेगम बाजारात बाबांचं मिरचीचं दुकान आहे."

"तरीच!"

"तरीच काय?"

"काही नाही..." असं म्हणून तो भराभर पायऱ्या उतरला. खाली जाऊन मात्र त्यानं एकदा वर पाहिलं.

त्या दिवशी जिन्यात दोघं 'तुम्ही' होते. आठवडा उलटायच्या आत 'तू' झाले.

वर्ग सुटला की दोघं त्याच जिन्यात बसून सराव करायचे. त्रिवेणीचा हात विजेसारखा चालायचा — प्रश्न वाचला, उत्तर दिलं, पुढे. योगेश मात्र एकेका प्रश्नापाशी असा थांबायचा, जसा कुणी ओळखीचा भेटावा आणि चहा पाजल्याशिवाय सोडू नये.

"अरे, बटाटा लिही आणि हो पुढे!" ती कातावायची.

"पण मुळ्याचं काय? मुळा खाऊन कुणाशी बोलायची सोय नाही. आणि गाजर... गाजर तेवढं नुसतं दाखवायलाही चालतं."

"योगेश!"

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. त्याला चारही वेगळे दिसायचे. प्रत्येकाच्या वेगळेपणाचं कारण त्याच्याकडे असायचं, ऐकलं की पटायचंही, आणि तेवढ्यात वेळ संपायचा. याआधीच्या परीक्षा त्यानं अशाच घालवल्या होत्या.

"उत्तर शोधू नकोस," त्रिवेणी समजवायची. "ज्यानं पेपर काढला, त्याच्या डोक्यात काय होतं ते शोध. तो दमलेला माणूस आहे. त्यालाही घरी जायचंय. त्यानं साधंच काहीतरी मनात धरलेलं असतं."

"तुला बरं कळतं लोकांच्या मनातलं," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या नाही," ती म्हणाली आणि उगाचच ओढणी सारखी करू लागली.

डिसेंबरात एका संध्याकाळी अवेळी भुरभुर सुरू झाली. रस्त्याकडेला एका गाडीवर पुनुगुलु तळत होते. लिंबाएवढे गोल, गरम गरम भजे, वर शेंगदाण्याची चटणी. दोघं गाडीवरच्या प्लास्टिकच्या आडोशाला उभे राहिले. एका बाजूनं पाणी ठिबकत होतं. योगेश त्या बाजूला सरकला. त्याचा डावा खांदा भिजत राहिला आणि तो कुठल्या तरी संख्यामालिकेबद्दल बोलत राहिला. त्रिवेणीला त्या मालिकेतलं एक अक्षर कळलं नाही.

"एक प्रश्न विचारू?" ती मध्येच म्हणाली. "या गाडीपाशी चार माणसं उभी आहेत. तळणारे काका, ते हेल्मेटवाले, तू आणि मी. वेगळं कोण?"

योगेशनं तळणाऱ्या काकांकडे पाहिलं. हेल्मेटवाल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. त्याचे कान लाल झाले.

"पेपर अवघड आहे," तो म्हणाला आणि अख्खा पुनुगुलु तोंडात कोंबून जीभ भाजून घेतली.

बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला. त्रिवेणीचं नाव त्यात होतं. योगेशचं नव्हतं.

पहिला फोन त्यानंच केला. "त्रिवेणी! बँकवाल्या बाई!" आवाजात आनंद होता, खराच होता. पण त्यानंतर तो वर्गात आला नाही. मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र. फोन केला तर वाजून वाजून बंद. घरात पेढे वाटले जात होते, बेगम बाजारात तिचे बाबा एकनाथराव गिऱ्हाइकागणिक सांगत होते, "आमची पोर बँकेत लागली!" आणि ती पोर मात्र मोबाइल पालथा ठेवून बसली होती.

शेवटी एक दिवस सरळ नल्लकुंट्याला जाऊन तिनं त्याच्या घराची बेल दाबली.

दार सरोजताईंनी, योगेशच्या आईनं उघडलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई, एका नजरेत पोरगी ओळखली. "तू त्रिवेणी ना? ये बाई. तो गच्चीवर आहे. मी एक शब्द बोलले की चार अर्थ काढतो आणि गप्प बसतो. तूच बघ."

गच्चीवर योगेश वाळत घातलेल्या चादरींच्या मधे बसला होता. तिला पाहताच धडपडून उठला.

"तू... इथे?"

"फोन कामून उचलत नाहीस?" रागावली की त्रिवेणीच्या तोंडी वडिलांची भाषा यायची.

"तू आता नोकरीला लागशील. मी अजून जिन्यातच. तुला सारखं माझ्यासाठी थांबावं लागेल, ते मला..."

"मी थांबते म्हणून तक्रार केली कधी?" ती म्हणाली. "पास झाले मी, योगेश. आयुष्यातलं एवढं मोठं झालं आणि मला धड हसूसुद्धा आलं नाही. ज्याच्याजवळ हसायचं तोच नाही. मी पास झाले, त्याची शिक्षा मलाच?"

वाऱ्यानं चादर फडफडली. योगेशला पहिल्यांदाच एकही दुसरी बाजू सुचली नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच. आता चप्पल घाल. वर्गात चल. तिथं भांडण पेटलंय."

भांडण खरंच पेटलं होतं. श्रुतीनं सकाळीच फोन करून सांगितलं होतं. सरांनी नवे सराव पेपर काढले होते, आणि निम्मा वर्ग आपलं उत्तर बरोबर असताना मार्क गेले म्हणून ओरडत होता. कबुतर, पोपट, शहामृग, वटवाघूळ — यात वेगळं कोण? सरांच्या उत्तरसूचीत शहामृग, कारण त्याला उडता येत नाही. मुलांनी लिहिलं होतं वटवाघूळ, कारण ते पक्षीच नाही.

सर घामाघूम झाले होते. "एक ही जवाब रहता बाबा!"

"सर," योगेश दारातूनच म्हणाला, "दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चूक प्रश्नाची आहे. शहामृग काढून चिमणी घाला, मग वटवाघूळच उरेल."

सरांनी पुढचा पेपर त्याच्यासमोर धरला. योगेश उभ्या उभ्या वाचत गेला. "८, २७, ६४, १००. तुमचं उत्तर १००, कारण बाकीचे घन आहेत. पण २७ एकटाच विषम आहे. तिथे २१६ घाला." ज्या डोळ्यांना चारही वेगळे दिसत, त्यांना प्रश्नातली प्रत्येक फट लांबूनच दिसत होती. मुलं बाकांवरून पुढे झुकून ऐकू लागली. त्रिवेणी दाराशी उभी राहून त्याच्याकडे पाहत होती, आणि निकालाच्या दिवशी न आलेलं हसू आता कुठे तिच्या ओठांवर आलं.

त्या दिवसापासून सरांचा एकही पेपर योगेशनं तपासल्याशिवाय छापला गेला नाही. पुढे त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन-तीन वर्गांचं काम आलं, ऑनलाइन चाचण्यांचं आलं. पगार सुरू झाला. "हौला है, थोडा पगला," सर सगळ्यांना सांगत, "पर काम का है."

मग त्रिवेणीला नेमणूक मिळाली. आदिलाबाद.

जायचा दिवस जवळ येऊ लागला, तसं योगेशला काहीतरी बोलायचं असायचं. "त्रिवेणी, मी काय म्हणतो..." असं तो सुरू करायचा, थांबायचा, आणि शेवटी "तिकडे थंडी फार असते म्हणतात" किंवा "बस कुठून सुटते?" एवढंच बाहेर पडायचं. त्रिवेणी वाट पाहायची. मनातल्या मनात त्याचं वाक्य पुरं करायची. एकदा तर तीच बोलणार होती. मग मनाशी म्हणाली, नाही. एकदा तरी यानं स्वतः उत्तर द्यावं.

"हे बघ," शेवटी तिनं सांगून टाकलं, "परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. तुला मी अख्खा हिवाळा दिला. उद्या रविवार. मी दिवसभर दुकानावर असेन. परवा सकाळची बस. काही विचारायचं असेल तर ये. नसेल तर..." ती वळली आणि ऑटोत जाऊन बसली.

रविवारी बेगम बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. नवी मिरची उतरली होती. पोती फुटत होती, लालभडक ढीग पडत होते, हवेतच तिखट भरलं होतं. सरावलेल्या माणसाला काही वाटत नाही. पण योगेश आला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, छाती भरून श्वास घेऊन — आणि तिथेच फसला.

त्रिवेणी आत पोत्यांमागे होती. तिनं त्याला येताना पाहिलं आणि ती तिथूनच कान देऊन ऐकू लागली.

"काय पायजे?" गल्ल्यावरून एकनाथरावांनी विचारलं.

"त्रि..." योगेशला शिंक आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "त्रि..." पुन्हा शिंक.

"त्रिफळा? तो पलीकडच्या दुकानात."

"नाही काका. त्रिवेणी."

पोतं उचलणारे हमाल होते तसेच थांबले. एकनाथरावांनी हातातलं माप सावकाश खाली ठेवलं.

"तू कुणाचा?"

"मी योगेश. नल्लकुंट्याचा. आम्ही एका वर्गात... काका, मला त्रिवेणीशी लग्न करायचंय."

"सरकारी नोकरी?"

"नाही. लागली नाही. मी प्रश्न तपासतो. ज्यांना दोन उत्तरं निघतात, ते दुरुस्त करतो."

"असंही काम असतंय?" एकनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि ती चालली आदिलाबादला."

"माझं काम कुठूनही होतं. आदिलाबादहूनही."

"हं. मग आमच्या पोरीनं काय उत्तर दिलं?"

योगेशनं बाहीनं डोळे पुसले. त्यामुळे ते आणखीच चुरचुरले. "तिला... अजून विचारलं नाही."

"पोरीला विचारलं नाहीस अन् मला विचारायला आलास?"

पोत्यांमागे त्रिवेणीनं तोंडात ओढणी कोंबली. पण हसणं काही त्यात मावलं नाही. ती बाहेर आली. योगेश तिच्याकडे वळला. डोळे लाल, नाक लाल, सदऱ्यावर तिखटाचे डाग. इतका देखणा तो तिला कधीच दिसला नव्हता.

"त्रिवेणी," तो सरळ म्हणाला, "तू मला आवडतेस. खूप. माझ्याशी लग्न करशील?"

"कारण सांग," ती म्हणाली.

"कारणं शोधत बसलो असतो, तर तुझी बस गेली असती."

"करीन," त्रिवेणी म्हणाली. एवढंच. हमालांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली.

एकनाथरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बस. रडू नकोस."

"मी रडत नाही, काका. मिरची..."

"ठाऊक आहे. संध्याकाळी आईला घेऊन घरी ये. अशी बोलणी बाजारात होत नसतात. त्रिवेणी, पाणी दे ह्याला."

तिनं तांब्या पुढे केला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर थांबली. तिनं आपली बोटं काढून घेतली नाहीत. भोवतालचा बाजार, हाका, हातगाड्या, सगळं क्षणभर लांब गेलं — आणि योगेशला अशी जोरात शिंक आली की अर्धं पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"अरे, सरका तिकडं!" एकनाथराव गल्ल्यावरून ओरडले. "माझी मिरची भिजवता का!"