हितसंबंध

वाचनालयातली शिडी डगमगली आणि खालून कुणीतरी ती घट्ट धरली.

"पडलात तर दोष कुणाचा? शिडीचा की वाचकाचा?"

"धरणाऱ्याचा," मी म्हणाले. तो हसला... आणि उतरायला मी उगाच वेळ लावला.

माझ्या हातात अठराव्या शतकातल्या विचारवंतांवरचा जाडजूड ग्रंथ होता. त्यावरून आमचं जुंपलं, ते पुढे दर रविवारी जुंपतच राहिलं. कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा वेगवेगळे हवेत, या त्या मंडळींच्या म्हणण्यात खोट काढायला त्याला आवडायचं.

"तिघं भांडत बसले तर काम कुणी करायचं?"

"आणि सगळं एकाच्याच हाती दिलं, तर दाद कुणाकडे मागायची? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"भांडताना तुम्ही छान दिसता."

"विषय बदलू नका."

"मी केव्हाच बदललाय..."

कोण काय काम करतं, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही. मला तो इतिहासाचा प्राध्यापक वाटला. त्याला मी विद्यार्थिनी.

सोमवारी खटला पुकारला गेला. वर्तमानपत्र बंद करणाऱ्या अधिकाऱ्यानेच त्यावरची तक्रारही ऐकावी, असा सरकारी हुकूम होता. मी न्यायमूर्तींची सहायक. त्यांच्यासाठी टिपण मीच लिहिलं होतं. सरकारच्या बाजूने उभा राहिला — तो.

न्यायमूर्ती मॅडमनी माझ्या टिपणातला पहिलाच प्रश्न विचारला, "मग दाद कुणाकडे मागायची?"

त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. उत्तर त्याच्यापाशी होतं. वाचनालयात भांडता भांडता मीच ते घासूनपुसून दिलं होतं. पण ते न वापरता तो म्हणाला, "थोडा वेळ मिळावा."

मधल्या सुटीत मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना दालनात बोलावलं. एका पक्षाच्या पाठीमागे काही बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता.

"नुसती ओळख असेल, तर टिपण राहील," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "त्यापलीकडे काही असेल, तर तुला या खटल्यातून उठावं लागेल. तुझं पहिलं मोठं काम आहे हे. विचार करून सांग."

'ओळख' एवढंच म्हटलं असतं तरी सुटले असते. तो जमिनीकडे बघत होता. वर्तमानपत्राचे म्हातारे वकील मन लावून खिडकीबाहेर पाहू लागले.

"पलीकडे आहे," मी म्हणाले. "माझ्या बाजूने. त्यांना... अजून ठाऊक नव्हतं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"टिपण बाजूला," मॅडम म्हणाल्या. "वकीलसाहेब, तुमचं म्हणणं?"

"सरकारचं?"

"सरकारचं मी बाहेर ऐकेन."

भर कोर्टात न अडखळणारा तो इथे अडखळला. "माझ्याही बाजूने आहे, मॅडम... मीही हा खटला सोडतो."

म्हातारे वकील खाकरले. "आमच्या पक्षाची हरकत नाही."

मॅडमनी तेही लिहून घेतलं आणि आम्हा दोघांना दार दाखवलं. "निघा आता. मला न्याय करायचाय."