उजव्या कोपऱ्यातली चौकट

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या प्रयोगशाळेत हेरंब चोगले रोज कामाआधी दाभोळ खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचत असे. चंद्रावर कसली आलीय भरती! पण ते संकेतस्थळ त्याची आई चालवत होती, आणि गेली सहा वर्षे तिचे एवढेच शब्द त्याच्यापर्यंत पोचत होते. निघताना दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते. ‘तू ये म्हणशील तेव्हाच येईन,’ असे तो बोलून बसला होता. खाण तशी माती. तिनेही कधी बोलावले नाही. तिच्या आठवणीने त्याचा जीव कासावीस होई, पण आधी फोन करायला तो काही तयार नव्हता.

आज कायम वास्तव्याच्या करारावर सही करायची होती. सही झाली की हाडे टिकवणारे औषध बंद, आणि मग पृथ्वीवरचे वजन त्याच्या शरीराला कधीच पेलले नसते.

“तुझ्याकडे ही उजव्या कोपऱ्यातली चौकट कोरी कशी?” त्याच्या पडद्यात डोकावत नूपुर घैसासने विचारले. ती तिथली संगणकतज्ज्ञ.

“जाहिरातीची जागा आहे ती. माझी गाळणी पुसून टाकते.” ती जाहिरातगाळणी हेरंबनेच बनवली होती, आता अर्धे जग वापरत होते.

“मजकूर वाचून?”

“छे! त्या जागेत संकेतस्थळाच्या मालकाने ठेवलेलं सगळंच जातं. पण चोरून नाही हं. जाहिरात दिसली तर मालकाकडे ‘वाचली’ अशी नोंद होते, पुसली तर ‘वाचकाने नकार दिला’ अशी पावती जाते, कुठल्या ठिकाणाहून तेही कळतं. हा माझाच आग्रह.”

नूपुरने पुन्हा त्या कोऱ्या चौकटीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “जाहिरात कुणाला दिसावी, हे मालकच ठरवतो ना? ही फक्त चंद्रावरून उघडणाऱ्यासाठी आहे. तू रोज काय वाचतोस म्हणून परवा मी सहज उघडलं. ‘हेरंबा, माझं चुकलं. ये.’ खाली तारीख सहा वर्षांपूर्वीची. मला वाटलं, तू तेच वाचतोस.”

हेरंबला आता हिशेब लागला. रोज चंद्रावरून वाचक येत होता आणि रोज आईला नकाराची पावती मिळत होती. आपल्याच हाताने त्याने पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्याने करार दूर सारला आणि गाळणी बंद केली.

चौकट भरली. मजकूर वेगळा होता, तारीख आजची.

‘हेरंबा, परवा एकदाचं वाचलंस. उत्तर नाही आलं, काल परत नकारच आला. समजले मी. नको येऊस. पण वेळा वाचत जा. खाडीत आता होड्या नाहीत रे, मी तुझ्यासाठीच लिहिते.’