नळीचा डॉक्टर

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी कित्येक कचेऱ्यांच्या पाट्यांवर नव्या रंगाखालून जुनं उस्मानाबाद अजून वाचता यायचं. पाऊस लागोपाठ दगा देऊन गेलेला. टँकर गल्लीत शिरला की बाया घागरी घेऊन पळायच्या, आणि नव्या जिल्ह्याचं कौतुक करायला कुणाच्या घशात ओल उरली नव्हती. अशा दिवसांत डॉक्टर बसवराजनं गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत दवाखाना काढला आणि मुंबईहून शिकून येताना एक काळी, लवचिक, बोटभर जाडीची नळी घेऊन आला. ती तोंडातून पोटात सोडायची, वरच्या टोकाला डोळा लावायचा, की अन्ननळी, जठर, पुढचं आतडं सगळं लख्ख उजेडात दिसायचं. आसपास कुठं असली नळी नव्हती. मग काय, लोकांनी त्याचं नावच पाडलं, नळीचा डॉक्टर.

माणूस सरळ होता. देवाधर्माचं खातं आईवर सोपवून मोकळा झालेला. आई म्हणजे शरणम्मा, त्याची अव्वा. मूळची उदगीरच्या दुकानदार घरातली, गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा, कपाळभर विभूती, आणि जिभेला धार. चाळिशी आली तरी पोराचं लग्नाचं नाव नाही म्हणून ती रोज एकदा तरी बोलायचीच. घरात मायलेक दोघंच, खाली दवाखाना आणि वर माडी. आदल्या वर्षी तिला हृदयाचा मोठा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून बसवराज रात्री झोपेतसुद्धा तिचा श्वास ऐकायचा. एवढा जीव होता त्याचा तिच्यावर.

त्या नळीची एक खोड होती, ती सांगून ठेवायला पाहिजे. तिच्यातून एका वेळी एकच डोळा बघू शकायचा. आत काय आहे ते ज्यानं बघितलं त्यालाच ठाऊक, बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर जायचं.

मुरुडजवळच्या खेड्यातला दगडोबा नावाचा शेतकरी आला तेव्हा त्याचं कातडं हाडाला चिकटलेलं होतं. भाकरीचा तुकडा पोटात ठरत नव्हता. नर्स भामाबाईंनी त्याच्या घशात बधिर करायचं औषध मारलं, डाव्या कुशीवर निजवलं, नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत पोकळ कडं दिलं आणि बसवराजनं नळी सोडली. जठराच्या वळणावर जखम होती. फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखी वाकडी, कडा उचललेल्या, बुडाला राखाडी साय. वरच्या अंगानं अस्तराची एक घडी तिला येऊन भिडली होती आणि टोकाला दुभंगली होती. अशी घडी त्यानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. नळीतूनच बारीक चिमटा घालून त्यानं कडेचा तांदळाच्या कणीएवढा लचका घेतला आणि तपासायला सोलापूरला धाडून दिला.

त्यानंतर नळी काढायची वेळ आली ती नीलाबाईंसाठी. औशाच्या भुसार व्यापाऱ्याची बायको, अंगानं चांगली भरलेली, तक्रार काय तर आंबट ढेकर. बसवराजनं डोळा लावला आणि तसाच राहिला.

तीच जखम होती. वाकडी, राखाडी, वर तीच दुभंगलेली घडी. आणि कडेला ताजी, लालसर खाच, चिमट्याच्या जबड्याच्या मापाची.

भामाबाईंनी दोनदा साहेब, साहेब केलं तेव्हा तो भानावर आला. सवयीनं हातानं काम केलं, खाचेच्या शेजारी आणखी एक लचका घेतला आणि नळी काढली. बाई गेल्यावर त्यानं नळी धुतली, काच पुसली, आपल्याच मुठीत तिचं टोक धरून बघितलं. मुठीतल्या रेषा दिसल्या, बाकी काही नाही. काचेत दोष नव्हता. मग डोळ्यात असेल, थकवा असेल, दोन माणसांच्या जखमा सारख्या असू शकतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण लचक्याची खाच सारखी कशी असेल, इथं येऊन त्याची बुद्धी अडायची.

सोलापूरहून दोन्ही तपासण्यांचं उत्तर एकच आलं, कॅन्सर. त्यानं दगडोबाला पत्र टाकून बोलावून घेतलं. दगडोबा आला तो ओळखू येईना. गाल भरलेले, चालणं ताठ. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो कांदा-भाकरी खात होता. बसवराजनं ऑपरेशनचा विषय काढला तर तो हसला.

"साहेब, तुमी बघितलं अन् माझं दुखणं गेलं की. आता चिरायचं कशापायी?"

पुन्हा एकदा आत बघू, असं डॉक्टरनं परोपरीनं विनवलं. दगडोबानं ऐकलं नाही. एकदा बघून घेतलंय, तेवढं बास, म्हणाला आणि एस्टी पकडून गेला. जाताना मात्र बोभाटा करत गेला. रोजगार हमीच्या तलावावर, बाजारात, टँकरच्या रांगेत एकच बोलणं, लातूरचा नळीचा डॉक्टर पोटात नुसतं बघतो आणि दुखणं पळतं. खराब पाण्यानं निम्म्या मुलखाची पोटं बिघडलेलीच होती. दवाखान्यासमोरचा बाक माणसांनी भरून वाहायला लागला. गोळ्या नकोत, बघा, एवढंच मागायचे. तपासणी म्हणजे इलाज नव्हे, हे समजावता समजावता बसवराजची जीभ झिजली.

इकडे नीलाबाई वाळत चालल्या. काळपट उलट्या सुरू झाल्या, अन्न जाईना. बसवराजनं त्यांना सोलापूरच्या एका सर्जनकडे ऑपरेशनला पाठवलं. ते होईपर्यंत नळी पेटीबाहेर काढायची नाही असं त्यानं ठरवलं. का ठरवलं, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या मनात जे येऊन राहिलं होतं ते मुंबईत शिकलेल्या माणसानं बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

अव्वाच्या मनात मात्र भलतंच. गावचे लोक बाकावर रांग लावतात आणि घरच्या आईला कुणी विचारत नाही. तिचं पोट जरा गुबारायचं, बाकी ठणठणीत.

"गावाच्या पोटात बघून राहिलास, अन् आईच्या पोटात बघाया सवड न्हाई व्हय?" हे तिचं पालुपद झालं.

नीलाबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बसवराजचं मन हलकं होतं. तिकडे एव्हाना जखम कापून निघाली असेल, म्हणजे जे काय होतं ते संपलं. आईचं निर्मळ जठर एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे डोक्यातलं खूळही जाईल, असं त्याला वाटलं. गळ्यातला करंडा काढायचा नाही या अटीवर अव्वा टेबलावर निजली. मोठ्या हौसेनं निजली, लग्नाला निघाल्यासारखी.

त्यानं डोळा लावला. जठराच्या वळणावर तीच जखम होती, आणि कडेला शेजारी-शेजारी दोन खाचा.

दुपारी सोलापूरहून ट्रंक कॉल आला. सर्जन संतापलेला होता. बाईचं पोट उघडलं, जठर स्वच्छ, आतून बोट फिरवून बघितलं तरी काही नाही. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट पाठवून तुम्ही बाईला फुकट फाडायला लावलंत, पुन्हा माझ्याकडे पेशंट पाठवू नका, म्हणाला आणि फोन ठेवला. बसवराज फोन हातात धरून उभाच राहिला. त्याला रडू यायला लागलं, आणि कशासाठी ते त्याचं त्यालाच नीट उमगेना.

आठवड्यातच अव्वानं अन्न सोडलं. मग उलट्या. ऑपरेशन करावं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात जोडले, हे हृदय टेबलावरून खाली येणार नाही म्हणाले. बसवराज तिच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजायचा आणि ती ते कपड्यावर परत काढायची. बोलण्यातली धारही गेली. नुसती बघत राहायची.

उपाय त्याला ठाऊक होता. तोच तर घोळ होता. कुणाच्या तरी पोटात बघायचं, एवढंच. आणि ते कुणीतरी बाहेर बाकावर बसून हात जोडत होतं, रोज नवं.

स्वतःच्या पोटात बघावं हेही त्याच्या मनात आलं. एका दुपारी दार लावून त्यानं नळी स्वतःच्या घशात घातली आणि भामाबाईंना डोळा लावायला सांगितलं. भामाबाईंनी मान फिरवली. मला त्यातलं काही कळत नाही साहेब, मला नका सांगू, एवढंच बोलल्या. इतक्यात त्याला उबळ आली आणि त्यानं नळी उपसून काढली. उबळीवर औषध असतं, ते त्यानं कितीतरी लोकांच्या घशात मारायला लावलं होतं. खरं सांगायचं तर तो भ्याला. नळी बिघडली आहे असं त्यानं बाहेर सांगायला लावलं आणि पेटीला कुलूप घातलं.

दगडोबा सुनेला घेऊन आला तो अशा वेळी. सिंधु तिचं नाव. तलावावर मुरूम उपसून हात फुटलेले, चेहरा कोवळा. पोटात मुरडा येत होता. खराब पाण्याचा मुरडा, चार गोळ्यांत बरा होणारा. बसवराजनं गोळ्या लिहून दिल्या.

"नळी बिघडली म्हणत्यात," दगडोबा म्हणाला. "पण माझ्यासाठी एकडाव बघा साहेब. माझी लेकच हाय ती. लई आशेनं आलाव."

बसवराजनं सुनेकडं बघितलं. वरच्या माडीवर अव्वा कण्हत होती, ते खाली ऐकू येत होतं.

त्यानं हिशेब मांडला, आणि तो हिशेब इतका सरळ होता की त्याचं त्यालाच बरं वाटलं. पोरगी तरणी आहे, ऑपरेशन सोसेल. हिच्यात बघायचं, लगेच दुसऱ्या गावच्या सर्जनकडे न्यायचं, आणि जखम कापून निघेपर्यंत नळीला हात लावायचा नाही. अव्वा वाचेल, ही वाचेल, आणि हे कायमचं संपेल.

त्यानं पेटीचं कुलूप काढलं.

भामाबाईंनी औषध मारलं. सिंधु डाव्या कुशीवर निजली. तिनं पदर नीट केला आणि डॉक्टरकडं बघून कसनुसं हसली.

नळी आत गेली. अजून बघितलं नव्हतं. अजून काढून घेता आली असती.

वरचं कण्हणं थांबलं नव्हतं.

त्यानं डोळा लावला.

होती.

वरचं कण्हणं थांबलं.

सिंधु उठून बसली. तोंड पुसलं, आणि तिचा हात सावकाश पोटाच्या खळगीवर जाऊन तिथंच राहिला. बसवराज दगडोबाला बाजूला घेऊन बोलायला लागला. आत वाईट जखम आहे, आजच माझ्याबरोबर चला, गाडी मी करतो, ऑपरेशन केल्याशिवाय सुटका नाही. बोलताना त्यानं दगडोबाचे दोन्ही हात धरले होते.

दगडोबा ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"मला बी तुमी हेच म्हणला होता की," तो म्हणाला.

त्यानं डॉक्टरच्या पायाला हात लावला. सिंधुनंही वाकून लावला. बसवराज पायरीपर्यंत मागं गेला, रस्त्यापर्यंत गेला, ओरडून काहीतरी बोलला. सासरा पुढं आणि सून मागं अशी दोघं स्टँडच्या गर्दीकडं निघून गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. हात तेवढा तिथंच होता.

वरून ताटाचा आवाज आला.

तो जिना चढून गेला. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. टोपल्यातली भाकरी तिनं स्वतः उठून घेतली होती आणि वरणात कुस्करून खात होती. घास गिळला जात होता. बसवराजला आनंद झाला, खोटं कशाला बोला, पोटातून आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला शिसारी आली.

"बस," अव्वा म्हणाली.

तो बसला. ती खात राहिली. मग ताटावरची नजर न काढता तिनं विचारलं,

"कोण होती रे ती?"

"कोण, अव्वा?"

"जिनं घेतलं ती."

त्यानं पाण्याचा तांब्या तिच्या पुढ्यात सरकवला.

"तरणी हाय का?"

"हाव."

"मग सोसंल," अव्वा म्हणाली, आणि तिनं चटणीची वाटी जवळ ओढली.