जाताना तीन, येताना एक

माणसांची मापं घेणं हे माझं काम. कुबड्या, काठ्या, चाकांच्या खुर्च्या विकणाऱ्या दुकानात मी अठरा वर्षं आहे. काठीची मूठ मनगटाच्या हाडाशी यावी, खुर्चीत मांड्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा राहावी, एवढं जमलं की माणसाचं निम्मं दुखणं हलकं होतं. म्हणून आईबाबांना बेटावर न्यायचं ठरलं, तेव्हा कपड्यांच्या आधी मी टेप काढली.

आईला समुद्रात पाय सोडून बसायचं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंतच जायची. बाबांची उजवी बाजू सहा वर्षांपूर्वी गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. रोज सकाळी काखेत हात घालून मी त्यांना उचलते आणि खुर्चीत बसवते. त्यांचं वजन माझ्या हातांना पाठ आहे.

परदेशातला भाऊ फोनवर म्हणाला, "नेशील गं तू, हट्टाला पेटलीस की कुणाचं ऐकतेस! पण दोघांना धड परत कशी आणशील?"

"नेईन तशीच आणीन."

"बघ बाई. तू आहेस म्हणून मी निवांत आहे."

हे तो नेहमी म्हणतो. फोन ठेवला की घर उगाच मोठं वाटू लागतं.

आठवडाभर आधी एकटीनं जाऊन सगळं पाहून यायचं मी ठरवलं. बाबांची जुनी खुर्ची आणि आईचा जुना वॉकर सोबत न्यायचा, तिथल्या दारांशी, उतारांशी ताडून बघायचा आणि तिथेच ठेवून यायचा. म्हणजे पुढच्या खेपेला होडीत फक्त माणसं चढवायची. त्या दिवसापुरत्या शेजारच्या काकू दोघांजवळ बसणार होत्या.

आणखी एक सांगायला हवं. पहाटे देवापुढे दिवा लावल्यापासून दुपारी बारापर्यंत मी मौन पाळते. एकोणीस वर्षं झाली. बाबा पडले त्या सकाळीसुद्धा डॉक्टरांना मी सगळं कागदावर लिहून दाखवलं होतं. आई थट्टा करते, "एकाला बोलता येत नाही, एक बोलत नाही. निदान भिंतींना तरी हुंकार द्यायला शिकव गं!"

धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता.

"किती?"

मी स्वतःकडे बोट केलं, मग खुर्चीकडे, मग वॉकरकडे. सामानालाही जागा लागतेच. तीन बोटं वर केली.

"आणि येताना?"

सामान तिथेच राहणार होतं. मी एक बोट वर केलं.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना, ताई?"

मी मान हलवली. त्यानं सावकाश लिहिलं आणि तिकीट घडी करून माझ्या हातात दिलं.

होडीत चढवताना दोन खलाशी खुर्चीशी वाकले आणि त्यातल्या एकानं तिसऱ्याला हाक मारली. "उजवीकडून धर. जपून, हिसका बसू देऊ नको." खुर्ची चौदा किलोंची. मी एकटी ती जिन्यावरून उतरवते. तिघांनी ती कडेला लावली, वारा लागू नये म्हणून तिच्यापुढे ताडपत्री ओढली. चांगली माणसं आहेत, असं मनात म्हणत मी जप करत बसले.

बेटावरचं विश्रामघर एक मावशी चालवत. त्या उताराशीच उभ्या होत्या. मी टेप काढली. एक फूट चढाला बारा फूट उतार, बरोबर. दार बत्तीस इंच, खुर्ची पंचवीस. न्हाणीघरातला धरायचा दांडा साडेतेहेतीस इंचांवर होता, अगदी आईच्या हाताला येईल असा. फोनवर मी दारांची मापं विचारली होती. आईच्या उंचीबद्दल काहीच बोलले नव्हते.

मी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग वॉकर ओसरीवर ठेवून खुर्ची वाळूवर ढकलून पाहिली. ढकलवत नव्हती. पाण्यापाशी पोचून वळून बघितलं, तर माझी पावलं वरवर उमटली होती आणि चाकांचे चर दोन-दोन इंच खोल गेले होते. चरांच्या शेजारी थोड्या-थोड्या अंतरावर चार-चार गोल खळगे होते. वॉकरचे पाय असे उमटतात.

वॉकर ओसरीवरच होता. मी दोनदा पाहिलं.

परत आले तेव्हा टेबलावर पाण्याचे तीन ग्लास मांडले होते. एका ग्लासात नळी होती. नळी नसेल तर बाबांना ठसका लागतो.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मावशी, ते पुढच्या आठवड्यात यायचेत. आज मी एकटीच आलेय."

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

चारची होडी सुटल्यावर मी तिकिटाची घडी उघडली. जाताना माणसं तीन. येताना माणूस एक. सामान नाही.

सकाळचाच एक खलाशी दोर गुंडाळत म्हणाला, "बरं झालं, ताई. सोय झाली त्यांची." मागे बेट बोटभर उरलं होतं.

घरी काकू दारातच भेटल्या. "अगं, कसलं औषध दिलं होतंस का? नऊपासून दोघं जी झोपलीत, हाक मारली तर हूं नाही की चूं नाही." संध्याकाळी दोघांनी डोळे उघडले. भरवलं तेवढं खाल्लं. मी समुद्राचं सांगत राहिले. आई एका शब्दानं बोलली नाही. दमली असेल, असं मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे.

सकाळी दिवा लावला. बाबांच्या काखेत हात घातले, नेहमीसारखा जोर लावला आणि मागच्या मागे पडता पडता वाचले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसं झालं.

त्यांना घरातल्या नव्या खुर्चीत ठेवलं.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला. मावशी होत्या.

"ताई, बाबांना कुठल्या कुशीवर वळवू? आणि आई म्हणतात, आम्ही इथेच राहतो. सकाळपासून पाण्यात पाय सोडून बसल्यात. तुमची हरकत असेल तर सांगा, होडी बाराला सुटते, परत पाठवते दोघांना."

मी देवाकडे पाहिलं. दिव्याची ज्योत हलत नव्हती.

"ताई?"

एकोणीस वर्षं.

"काही बोलत नाही, म्हणजे हरकत नाही असं समजू का?"

मी तोंड उघडलं.

"आई," मी म्हणाले.

आई माझ्या समोर पलंगावर बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

फोनमध्ये लाट फुटली आणि त्यामागून ओळखीचं हसू आलं.

"अगं बाई! माझ्यासाठी मौन मोडलंस? आम्ही नाही हो येत आता. थांब, बाबांना देते. कालपासून तोंड मिटलं नाहीये त्यांचं."

मी खुर्चीकडे पाहिलं. बाबांच्या खाली अंथरलेल्या चादरीवर एकही सुरकुती नव्हती.